दुपार ते रात्र : एका चकमकीचा हिशेब

मुंबई उच्च न्यायालयाने १९ मार्च २०२४ रोजी लखनभैय्या प्रकरणाचा निकाल दिला आणि निवृत्त पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांना जन्मठेप ठोठावली. त्या दिवसापासून जी चर्चा सुरू झाली ती निकालावर फारशी नव्हतीच. ती शर्मांवर होती. शंभराहून अधिक गुंडांना यमसदनी धाडणारा, मुंबईला खंडणीखोरांच्या विळख्यातून सोडवणारा शूर अधिकारी म्हणजे शर्मा, असे एका बाजूचे म्हणणे. वर्दीच्या आडून सुपाऱ्या घेणाऱ्यांचा म्होरक्या म्हणजे शर्मा, असे दुसऱ्या बाजूचे. दोन्ही बाजूंनी आवाज चढला. न्या. रेवती मोहिते-डेरे आणि न्या. गौरी गोडसे यांच्यासमोरचा प्रश्न मात्र या दोहोंपेक्षा पुष्कळच लहान आणि म्हणूनच पुष्कळ अवघड होता. ११ नोव्हेंबर २००६ रोजी दुपारपासून रात्री आठ वाजेपर्यंत रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैय्या हा माणूस कोठे होता, आणि कोणाच्या ताब्यात होता?

पोलिसांची मूळ हकिकत साधी होती. छोटा राजन टोळीशी संबंध असलेला एक गुंड वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ येणार असल्याची खबर मिळाली, सापळा रचला, त्याला शरण येण्यास सांगितले, त्याने गोळीबार केला, पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तर दिले आणि त्यात तो ठार झाला. नव्वदच्या दशकापासून वर्तमानपत्रे वाचणाऱ्या कोणाही मुंबईकराला ही हकिकत तोंडपाठ असेल. खबर, सापळा, आवाहन, गोळीबार, प्रत्युत्तर हा क्रम कधी चुकला नाही. तो तसाच्या तसा छापणाऱ्या आम्हा वर्तमानपत्रांनीही तो कधी चुकवला नाही, हे येथेच कबूल केलेले बरे.

या वेळी मात्र त्या हकिकतीच्या आधीचे काही तास कागदावर आले होते. लखनभैय्याला त्याच दिवशी दुपारी वाशीतून, त्याच्या एका मित्रासह, उचलून नेण्यात आले होते. त्याचा भाऊ वकील. भावाला उचलल्याचे कळताच त्याने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना तारा पाठवल्या, फॅक्स केले. माझ्या भावाला पोलिसांनी नेले आहे, त्याच्या जिवाला धोका आहे, असे कळवले. या तारा चकमकीची जी वेळ पोलिसांनी नोंदवली त्याच्या काही तास आधीच्या होत्या. पुढची सतरा वर्षे या खटल्याचे जे काही झाले, त्याचा पाया त्या तारांनी घातला. जो माणूस रात्री आठ वाजता पोलिसांना वर्सोव्यात अवचित भेटला, त्याला पोलिसांनीच नेल्याची तक्रार दुपारनंतर पोलिसांच्याच दप्तरी कशी पोचली, याचे उत्तर बचाव पक्षाला द्यायचे होते. त्यातला एक योगायोग सांगण्याजोगा आहे. सत्र न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये या खटल्यात शिक्षा सुनावली आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, १४ जुलैला, देशातली शेवटची तार गेली. तारेवर वेळेची मोहोर असे. ती मागाहून बदलता येत नसे.

आता प्रश्न असा की, असा भाऊ नसता तर? लखनभैय्याच्या जागी एखाद्या हमालाचा किंवा रिक्षावाल्याचा भाऊ असता, त्याला रिट याचिका म्हणजे काय हे ठाऊक नसते, तर ही चकमक त्या वर्षाच्या इतर चकमकींप्रमाणे यादीत जमा झाली असती. भावाने चारच दिवसांत उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तरीही न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशीचा आदेश निघायला फेब्रुवारी २००८ उजाडला. ऑगस्ट २००८ मध्ये अहवाल आला आणि त्याने सांगितले की, लखनभैय्याचा मृत्यू पोलिसांच्या ताब्यात असताना झाला आहे. तरी गुन्हा नोंदवला गेला नाही. आणखी एक वर्षाने, ऑगस्ट २००९ मध्ये, उच्च न्यायालयाने पोलीस उपायुक्त के. एम. एम. प्रसन्ना यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले, तेव्हा कुठे खुनाचा गुन्हा दाखल झाला. जानेवारी २०१० मध्ये शर्मांना अटक झाली. खून २००६ चा, खुनाची नोंद २००९ ची. ‘न्यायालये संथ आहेत, म्हणून चकमकी कराव्या लागतात’ असे ज्यांना वाटते, त्यांनी या तीन वर्षांत दिरंगाई कोणी केली हे तपासून पाहावे.

याच ठिकाणी पोलीस दलाला न्याय द्यायला हवा, कारण चर्चेत हा मुद्दा हमखास निसटतो. शर्मांच्या समर्थकांच्या मते हा खटला म्हणजे पोलिसांच्या खच्चीकरणाचा डाव होता. पण पुरावे गोळा कोणी केले? मुंबई पोलिसांनीच. आपल्याच खात्यातल्या माणसांना बेड्या घालणे हे कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याच्या दृष्टीने गुंडाला पकडण्याहून अवघड काम असते. ज्यांच्याबरोबर चहा घेतला त्यांच्या डायऱ्या जप्त करायच्या, त्यांच्या दूरध्वनीच्या नोंदी मागवायच्या. ते या पथकाने केले. त्यांची गणती कोणत्याही वीरपुरुषांच्या यादीत झाल्याचे ऐकिवात नाही.

चकमकींच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे केवळ रक्तपिपासूपणाचे आहे असे समजणे चुकीचे ठरेल. नव्वदच्या दशकातली मुंबई ज्यांनी पाहिली त्यांना भीती म्हणजे काय हे ठाऊक आहे. जानेवारी १९९७ मध्ये कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांना भर रस्त्यात गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अंधेरीत देवळाबाहेर गुलशनकुमार यांची हत्या झाली. बांधकाम व्यावसायिक, हॉटेलमालक, चित्रपट निर्माते यांना परदेशातून दूरध्वनी यायचे आणि रकमा ठरायच्या. साक्षीदार पुढे येत नसत. खटले उभे राहत ते सुटण्यासाठीच. अशा वेळी १९८३ च्या तुकडीतले काही उपनिरीक्षक, प्रदीप शर्मा, विजय साळसकर, प्रफुल्ल भोसले आदी, खबऱ्यांचे जाळे विणून टोळ्यांच्या मागे लागले आणि टोळ्यांचा जोर ओसरला. यांतलेच साळसकर पुढे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे आणि अशोक कामटे यांच्यासोबत कामा रुग्णालयाजवळ दहशतवाद्यांशी लढताना हुतात्मा झाले. ज्या पिढीने हे सर्व पाहिले तिला ‘चकमकफेम’ हा शब्द शिवीसारखा वाटत नाही, तर त्यात नवल नाही.

पण त्या काळाने आणखीही एक गोष्ट केली. ‘ठार केलेल्यांची संख्या’ हे अधिकाऱ्याच्या गुणवत्तेचे माप बनवले. कोणाच्या नावावर किती, याचे तक्ते छापले जाऊ लागले. क्रिकेटपटूच्या शतकांसारखे ते वाचले जाऊ लागले. २००४ साली आलेल्या ‘अब तक छप्पन’ या चित्रपटाचे नावच मुळी एका आकड्याचे होते. किती गुन्हे उघडकीस आणले, किती आरोपींना न्यायालयात शिक्षा लागली, याचे तक्ते कोणी छापले नाहीत, कारण ते मोजायला वेळ लागतो आणि त्यात नाट्य नसते. शर्मांच्या नावासमोर शंभराच्या वरचा आकडा लावला जातो. आज त्यांचे समर्थक आणि विरोधक दोघेही तोच आकडा वापरतात. एक पुरावा म्हणून शौर्याचा, दुसरा पुरावा म्हणून क्रौर्याचा. न्यायालयाच्या दृष्टीने तो दोन्हीचा पुरावा नव्हता. खटला एका मृत्यूचा होता.

आणि त्या एका मृत्यूमागे टोळीयुद्धाचे निर्मूलन हा हेतू होता, असेही अभियोग पक्षाचे म्हणणे नव्हते. या प्रकरणात आरोपी म्हणून केवळ पोलीस नव्हते. एक जमीनजुमल्याचा दलाल होता, इतर खासगी माणसे होती. मृताशी वैर असलेल्यांच्या वतीने पोलिसांनी हे काम केले, असा आरोप होता. चर्चेतल्या ‘शहर की कायदा’ या भव्य प्रश्नाला येथे एकदम ओहोटी लागते. खुनाचा परवाना एकदा एका कारणासाठी दिला की, तो दुसऱ्या कारणासाठी वापरला जाणार नाही, याची हमी देणारा कोणी उरत नाही. ज्याला परवाना दिला तो आणि कारण तपासणारा, दोघे एकच असतात.

मे २०११ मध्ये काही आरोपी पोलिसांच्या जामिनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी जामीन रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला आणि बनावट चकमक म्हणजे थंड डोक्याने केलेला खून होय, अशा खुनासाठी पोलिसांना फाशीच व्हायला हवी, असे कठोर मत नोंदवले. वरिष्ठांचा हुकूम होता ही सबब चालणार नाही, हे सांगताना त्यांनी न्यूरेंबर्गच्या खटल्यांचा दाखला दिला. या निकालाचे त्या वेळी पुष्कळ कौतुक झाले. प्रस्तुत लेखकाला त्यातला फाशीचा आग्रह पटलेला नाही. फाशीच्या भीतीने साक्षीदार अधिक सुरक्षित होत नाही, उलट त्याचे तोंड बंद करण्याची निकड वाढते. परंतु न्यूरेंबर्गचा दाखला विचार करायला लावणारा आहे. न्यूरेंबर्गमध्ये प्रथम पिंजऱ्यात उभे राहिले ते हुकूम देणारे होते. येथे पिंजऱ्यात उभे होते ते शिपाई, हवालदार, उपनिरीक्षक, निरीक्षक. त्यांच्यावर सहायक आयुक्त असतात, उपायुक्त असतात, त्याहून वर गृहखाते असते. चकमकीनंतर अहवाल वर जातो, वरून शाबासकी येते. त्या वाटेवरचा कोणीही कधी आरोपी झाला नाही.

योगायोगाने त्याच सुमारास गुजरातेतूनही हा प्रश्न वेगळ्या तोंडाने विचारला गेला. सोहराबुद्दीन शेख प्रकरणात तुरुंगात असलेले पोलीस अधिकारी डी. जी. वंजारा यांनी सप्टेंबर २०१३ मध्ये राजीनाम्याचे जे लांबलचक पत्र लिहिले, त्यात त्यांचा रोख असा होता की, आम्ही सरकारच्या धोरणाची अंमलबजावणी केली, मग आम्हीच आत का? त्या प्रकरणाचा खटला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुंबईत चालला. २१० साक्षीदार तपासले गेले, ९२ फितूर झाले आणि डिसेंबर २०१८ मध्ये सर्व २२ आरोपी निर्दोष सुटले. वंजारा त्याआधीच, २०१७ मध्ये, आरोपमुक्त झाले होते. त्यांच्या पत्रातल्या प्रश्नाचे उत्तर द्यायची वेळ त्यामुळे कोणावरच आली नाही.

लखनभैय्या खटल्यात साक्षीदाराचे जे झाले ते मात्र फितुरीहून भयंकर होते. लखनभैय्यासोबत ज्या मित्राला वाशीतून उचलले होते, तो जिवंत राहिला होता. दुपार आणि रात्र यांच्यामधले तास ज्याने स्वतः पाहिले असा तोच एक माणूस. न्यायालयात साक्ष द्यायला काही दिवस उरले असताना, मार्च २०११ मध्ये, तो बेपत्ता झाला. पुढे पालघर परिसरातल्या मनोरजवळ मृतदेह सापडला. डीएनए चाचणीवरून तो त्याचाच असल्याचे ठरले. या खुनाचा तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. २०२४ च्या निकालात उच्च न्यायालयाने, मुख्य साक्षीदाराचे मारेकरी इतक्या वर्षांत सापडू नयेत याबद्दल खेद आणि नाराजी व्यक्त केली. शर्मा शूर की खलनायक यावर ज्या हिरिरीने वाद झाला, त्याच्या शतांशानेही या माणसाविषयी बोलले गेले नाही. तो गुंड नव्हता, पोलीस नव्हता. कोणत्याच बाजूचा नव्हता. बहुधा म्हणूनच.

जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २२ पैकी २१ आरोपींना दोषी ठरवले आणि सर्वांना जन्मठेप दिली. त्यांत १३ पोलीस होते. सुटलेला एकमेव आरोपी म्हणजे प्रदीप शर्मा. या निकालाने कोणाचेच समाधान झाले नाही. पथकातल्या पोलिसांच्या कुटुंबीयांना वाटले, ज्याच्या शब्दावर सर्व चालले तो बाहेर आणि आमची माणसे आत. मृताच्या भावालाही नेमके तेच वाटले. दोन परस्परविरोधी पक्षांना एकाच निकालाची एकच बाजू खुपावी, हे क्वचित घडते. शर्मांच्या सुटकेविरुद्ध भावाने अपील केले आणि सरकार पक्षानेही केले.

येथून पुढे शासनाचे जे वर्तन दिसते ते या सर्व प्रकरणाचे मर्म आहे, असे मला वाटते. एकीकडे सरकार पक्ष उच्च न्यायालयात सांगत होता की, शर्मा हे या खुनाचे मुख्य सूत्रधार असून त्यांची सुटका चुकीची आहे. दुसरीकडे २०१५ च्या अखेरीस त्याच सरकारच्या गृहखात्याने, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३२ चा आधार घेऊन, जन्मठेप भोगत असलेल्या ११ पोलिसांची शिक्षा स्थगित केली. सरकारनेच सिद्ध केलेला खून सरकारनेच सैल सोडला. भावाला पुन्हा न्यायालयात जावे लागले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. या दरम्यान, २०१७ मध्ये, शर्मा सेवेत परतले आणि ठाण्याच्या खंडणीविरोधी पथकाची सूत्रे त्यांच्याकडे आली. निर्दोष सुटलेल्या अधिकाऱ्याला सेवेत घेणे बेकायदा नाही. पण ज्याच्या सुटकेविरुद्ध आपलेच अपील प्रलंबित आहे, त्याच्या हाती पुन्हा तसलेच पथक देताना मंत्रालयातल्या कोणाला दोन फायली एकत्र वाचाव्याशा वाटल्या नाहीत काय? की वाचल्या होत्या?

एकाच घरातले दोन दिवाणखाने असावेत तसे हे चालले होते. एकात खटला, दुसऱ्यात सत्कार. २०१९ मध्ये शर्मांनी नोकरी सोडली आणि शिवसेनेच्या उमेदवारीवर नालासोपाऱ्यातून विधानसभेची निवडणूक लढवली. तेथे ते क्षितिज ठाकूर यांच्याकडून पराभूत झाले. जून २०२१ मध्ये अंबानी यांच्या निवासस्थानाजवळील स्फोटके आणि मनसुख हिरेन यांचा मृत्यू या प्रकरणात राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना अटक केली. त्यात ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. त्या प्रकरणाचा या खटल्याशी संबंध नाही, आणि तो जोडण्याचा मोह टीकाकारांनी आवरायला हवा. एका खटल्यातला संशय दुसऱ्या खटल्यातला पुरावा होत नाही. हे जर लखनभैय्याच्या बाबतीत खरे असेल, तर शर्मांच्या बाबतीतही खरे आहे.

२०२४ च्या निकालाकडे याच काटेकोरपणे पाहायला हवे. सुटकेचा निकाल उलटवणे ही अपिली न्यायालयासाठी सोपी गोष्ट नसते. आरोपी एकदा निर्दोष ठरला की, निर्दोषत्वाचे गृहीतक दुहेरी बळकट होते. दोन मते संभवत असतील तर आरोपीला अनुकूल मत स्वीकारायचे असते. उच्च न्यायालयाने म्हटले की, येथे दोन मते संभवतच नव्हती. शर्मांविरुद्धचा भरभक्कम पुरावा सत्र न्यायालयाने दुर्लक्षिला, आणि परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी त्यांच्याकडेच निर्देश करते. तेरा जणांची जन्मठेप, बारा पोलीस आणि एक खासगी व्यक्ती, कायम झाली. सहा खासगी आरोपी सुटले. दोन दोषी दरम्यान मरण पावले होते. शर्मांना शरण येण्यासाठी तीन आठवडे दिले गेले, आणि त्या मुदतीत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये त्यांना अंतरिम दिलासा देऊन शरण येण्यापासून तूर्त सूट दिली. सत्र न्यायालय एक म्हणते, उच्च न्यायालय दुसरे म्हणते, अशा वेळी शेवटचा शब्द सर्वोच्च न्यायालयाचा. त्यावर बाहेरून पैजा लावण्यात अर्थ नाही. मात्र एक गोष्ट दोन्ही न्यायालयांनी सारखीच सांगितली आहे आणि ती शर्मांच्या भवितव्यावर अवलंबून नाही : वर्सोव्यात त्या रात्री चकमक झालीच नाही.

चर्चेत हे वाक्य कोणी मोठ्याने उच्चारत नाही, कारण ते उच्चारले की पुढचा प्रश्न येतो. मग ज्या दुसऱ्या चकमकींच्या आधी कोणी तारा पाठवल्या नव्हत्या, त्यांचे काय? सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये, महाराष्ट्रातल्याच चकमकींवरच्या याचिकेत, सोळा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या : प्रत्येक चकमकीत गुन्हा नोंदवावा, तपास दुसऱ्या पोलीस ठाण्याने किंवा गुन्हे अन्वेषण विभागाने करावा, न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी, शौर्यपदके किंवा बढत्या लगेच देऊ नयेत. पदकांविषयीची सूचना वाचताना हसू येते. पण ती घालावी लागली, कारण तसे होत होते. तसे पदकांचे आपल्याकडे काही खरे नाही. सहायक निरीक्षक अश्विनी बिद्रे यांच्या खुनाबद्दल एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या न्यायालयाने ज्या अभय कुरुंदकर या पोलीस अधिकाऱ्याला जन्मठेप दिली, त्याला जानेवारी २०१७ मध्ये, बिद्रे बेपत्ता होऊन नऊ महिने उलटले असताना, राष्ट्रपती पोलीस पदक जाहीर झाले होते. त्या खटल्यातही आरोपी पोलीस अधिकारीच होता. पण तेथे वर्दीच्या शौर्याचा मुद्दा कोणी काढला नाही, समाज दोन तटांत विभागला नाही. तेथे मेलेली व्यक्ती आपली होती. लखनभैय्याच्या बाबतीत खुनी कोण हे ठरवण्याआधी मेलेला कोण हे पाहिले गेले.

हैदराबादजवळ डिसेंबर २०१९ मध्ये चार आरोपींना पोलिसांनी मारले तेव्हा पोलिसांवर फुले उधळली गेली. आपल्या नागपूरचे न्या. विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ मध्ये ती चकमक बनावट ठरवली आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा असे सांगितले. तोवर फुले वाळून गेली होती. आणि लखनभैय्याच्या निकालानंतर सहाच महिन्यांनी, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, बदलापूरच्या शाळेतील बालिकांवरील अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी तळोजा कारागृहातून नेला जात असताना मुंब्रा बाह्यवळणाजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, म्हणून प्रत्युत्तर द्यावे लागले, असे सांगण्यात आले. मिठाई वाटली गेली. ‘बदला पुरा’ असे फलक मुंबईत झळकले. ज्या गुन्ह्याचा त्याच्यावर आरोप होता त्याने अवघा महाराष्ट्र हादरला होता, आणि त्या मुलींच्या आईवडिलांच्या संतापाला कोणी बोट लावू नये. पण शाळेच्या व्यवस्थापनाने काय केले, तक्रार नोंदवायला विलंब का झाला, हे ज्या खटल्यात उलगडले असते, त्यातला मुख्य आरोपीच उरला नाही.

पुढचा क्रम ओळखीचा आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयासमोर आला. त्याने गाडीतल्या पाच पोलिसांना जबाबदार धरले. तरी गुन्हा नोंदवला गेला नाही. एप्रिल २०२५ मध्ये उच्च न्यायालयाला तपास पथक नेमून गुन्हा नोंदवण्याचा आदेश द्यावा लागला. त्या खंडपीठाचे नेतृत्व न्या. मोहिते-डेरे यांच्याकडेच होते. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश एवढाच बदलला की, पथक पोलीस महासंचालकांनी नेमावे. २००८ साली अहवाल आणि गुन्हा यांच्यात एक वर्ष गेले होते, या वेळी काही महिने गेले. पण दोन्ही वेळा गुन्हा पोलिसांनी आपणहून नोंदवला नाही.

फरक एकच आहे. लखनभैय्याच्या भावाने वकिलीचा कोट अंगावर चढवून सतरा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. बदलापूरच्या आरोपीचे आईवडील फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयात उभे राहिले आणि म्हणाले की, आम्हाला हा खटला पुढे चालवायचा नाही. न्यायालयाने त्यांना घरी जाऊ दिले, मंजुला राव या वकिलांना न्यायमित्र म्हणून नेमले आणि सुनावणी पुढे चालू ठेवली.